हॅचखाली साचलेलं पाणी: जुनी पोर्शे ९४४ घेतलेल्या नवख्यांसाठी

पोर्शे ९४४कडे मागून बघितलं की नजर त्या भल्यामोठ्या वळणदार काचेवरच थांबते. १९७६ साली पोर्शेचीच ९२४ आली तेव्हा डिझायनर हार्म लागाय यांनी रेखाटलेली ही काच पुढे ९४४मध्ये आणि १९९५ साली बंद झालेल्या ९६८मध्येही राहिली. म्हणजे या कुळातली सगळ्यात धाकटी गाडीही आज तिशी ओलांडून बसली आहे. एवढ्या वर्षांत हॅचचं, म्हणजे वर उचलून उघडायच्या या काचेच्या मागच्या दाराचं, बीडिंग (कडेची रबरी पट्टी) दगडासारखं कडक होतं, काच चौकटीपासून सुटू लागते, आणि एक दिवस मागचा गालिचा उचलला तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी डुचमळताना दिसतं.

नोकरीनिमित्त इंग्लंडात किंवा जर्मनीत स्थायिक झालेल्या आणि हौसेनं अशी गाडी घेतलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. पुण्या-मुंबईत गाडी चार महिने भिजते, पण पुढचं ऊन तिला कडकडीत वाळवूनही काढतं. इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्च तशी संधीच येत नाही. पाऊस धो धो नसतो, पण आत गेलेलं कपभर पाणीही तिथेच मुक्काम ठोकतं. म्हणून आपल्याकडची ‘वाळेल आपोआप’ ही सवय आधी सोडा.

खाली सगळं ९४४च्या निमित्तानं सांगितलं असलं तरी निसान ३५०झेड किंवा पोर्शे केमन यांसारख्या कोणत्याही हॅचवाल्या स्पोर्ट्स कारला शोधाची पद्धत तीच लागू पडते.

आधी समजून घ्या: पाणी अडलंय की गळतंय?

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि नवखे लोक त्यांची गल्लत करतात. हॅच म्हणजे बाटलीचं झाकण नव्हे. हॅचच्या कडेला, बीडिंगच्या बाहेरच्या अंगाला पत्र्यातच एक खोलगट वाट केलेली असते. कौलारू घराच्या वळचणीला पन्हळ असते ना, तेच काम ही वाट करते: छतावरून आणि काचेवरून आलेलं पाणी गोळा करून मागे, बंपरच्या बाजूला बाहेर सोडायचं. तिथे पाणी दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. ते तिथून निघून जात नसेल, तर मात्र घोटाळा आहे. पाला, शेवाळ, परागकण यांचा चिखल होऊन वाट बुजली की पाणी बीडिंगच्या उंचीपर्यंत चढतं. मग नवंकोरं बीडिंगही हरतं, कारण उडालेले थेंब अडवणं वेगळं आणि तुंबलेलं पाणी अडवणं वेगळं.

दुसरं दुखणं खरी गळती. पन्हळ मोकळी आहे, तरीही पाणी आत येतंय. त्याचा शोध जास्त चिकाटीचा.

या दोन्हींशिवाय तिसरं एक सोंग असतं. हिवाळ्यात सकाळी काचेच्या आतून धुकं जमतं, थेंब ओघळतात आणि मालकाला वाटतं हॅच गळतेय. बहुतेक वेळा ते गालिच्याखालच्या स्पंजमध्ये मुरलेलं जुनंच पाणी असतं. दिवसा त्याची वाफ होते, रात्री ती थंड काचेवर बसते. म्हणून शोध सुरू करण्याआधी गाडी पूर्ण कोरडी करणं भाग आहे.

पाणी काढणं आणि वाळवणं

हॅच उघडण्यापूर्वी काचेवरचं, विशेषतः वरच्या कडेजवळचं पाणी फडक्यानं पुसून घ्या. हॅच वर जाताना काचेवरचं पाणी बिजागऱ्यांकडे पळतं आणि कोपऱ्यातून सरळ आत सांडतं. निम्म्या ‘गळत्या’ इथेच संपतात, असं म्हणायचा मोह मला होतो.

मग मागचं सगळं सामान बाहेर काढा: गालिचा, स्टेपनी, जॅक, हत्यारांची पिशवी. पाणी ओलं-कोरडं ओढणाऱ्या व्हॅक्युमनं ओढा. तो नसेल तर छोटा मग, जुने टॉवेल आणि धीर. खड्ड्याच्या तळाशी रबरी बूच असेल तर ते काढून पाणी खाली सोडता येतं, पण काम झाल्यावर परत बसवायला विसरू नका. बूच कायमचं काढून ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नका. चाकांनी उडवलेलं पाणी त्याच भोकातून वर येतं.

गालिचा गाडीत ठेवून वाळवायचा नसतो. वरून हाताला कोरडा लागतो, खालचा थर मात्र आठवडाभर ओला राहतो. घरात आणून उभा टांगा. गाडी गॅरेजमध्ये असेल तर हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र आत ठेवा. थंड गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरवालं यंत्र मंदावतं, शोषक पदार्थ वापरणारं नीट चालतं. विकत घेण्याआधी एवढं बघा.

विजेचं एक लक्षात ठेवा. मागच्या कोपऱ्यांत तारांचे जोड, कधी अँटेनाची मोटर असते. तिथवर पाणी पोचलं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मात्र त्याआधी दोन गोष्टी तपासा. जुन्या रेडिओला वीज गेल्यावर सुरक्षा कोड लागतो, तो कागदपत्रांत आहे का? आणि तुमची हॅच विजेच्या बटणावर उघडत असेल तर तार काढल्यावर हॅच बंद करू नका. चावीचं कुलूप चालतं की नाही, हे बंद झालेल्या हॅचसमोर उभं राहून कळणं वाईट.

पन्हळ मोकळी करणं

काडी, प्लास्टिकची पट्टी, मऊ ब्रश एवढं पुरतं. बीडिंगची कड अलगद दाबून बाहेरचा कचरा काढा, कोपऱ्यांत जास्त वेळ द्या. पाणी बाहेर पडायची रीत गाडीगणिक बदलते: कुठे ते उघड्या कडेवरून ओघळतं, कुठे कोपऱ्यातल्या भोकातून रबरी नळीत जातं. नळी असेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी सावकाश आत सरकवा. हवेच्या दाबानं फुंकर मारू नका. आतल्या जोडावरून नळी निसटली तर ते पाणी बाहेर न जाता थेट गाडीच्या पोटात जाईल आणि तुम्हाला वाटेल काम फत्ते झालं. नळीच्या खालच्या टोकाला चपटी रबरी जीभ असेल तर तीही चिमटीत धरून उघडा. चिखलानं ती चिकटून बसलेली असते.

आता पन्हळीच्या वरच्या भागात कपभर पाणी ओता आणि गाडीखाली बघा. डावीकडे ओतलं की डावीकडे, उजवीकडे ओतलं की उजवीकडे पाणी पडलं पाहिजे, आणि लगेच.

मागच्या स्पॉयलरखालची फटही साफ करा. तिथे ओली धूळ साचून राहते आणि ती कोणाच्याच नजरेत येत नाही.

गळती शोधणं

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे. पाणी जिथे सापडतं तिथून ते क्वचितच आत आलेलं असतं. छताच्या बिजागरीपाशी शिरलेला थेंब आतल्या अस्तरामागून, खांबातून, चाकावरच्या पत्र्यावरून घरंगळत स्टेपनीच्या खड्ड्यात येतो. खड्डा सगळ्यात खाली, म्हणून दोष त्याच्या नावावर. तेव्हा शोध पूर्ण होईपर्यंत सीलंटच्या ट्यूबला हात लावायचा नाही.

सुरुवात कागदानं करा. साध्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी बीडिंगवर ठेवून हॅच लावा आणि पट्टी ओढा. (ही परीक्षा नोटेनंही करतात, पण इंग्लंडातल्या नोटा प्लास्टिकच्या असल्यानं घसरतात, त्या वापरू नका.) पट्टी अडखळत, थोडा जोर लावून निघाली तर दाब ठीक आहे, सुळकन निघाली तर तिथे दाब नाही. असं वीतभर अंतरानं सगळीकडे करा आणि ढिल्या जागी बाहेरून कागदी टेपचा तुकडा चिकटवून खूण ठेवा. दुसरा उपाय टॅल्कम पावडरचा. बीडिंगवर हलकी पावडर लावा, हॅच लावून उघडा. समोरच्या चौकटीवर पावडरीची सलग रेघ उठली पाहिजे. रेघ तुटली, तिथे फट.

मग पाण्याची परीक्षा. आतलं अस्तर जेवढं सहज निघतं तेवढं काढा, खड्ड्यात कोरडं वर्तमानपत्र अंथरा, आणि एका माणसाला टॉर्च देऊन आत बसवा. हे काम एकट्याचं नाही. बाहेरच्या माणसानं नळीचं तोंड उघडं ठेवून पाणी मंद सोडायचं. प्रेशर वॉशर अजिबात नको. तो धड बीडिंगमधूनही पाणी आत घुसवतो आणि तपास चुकवतो.

क्रम खालून वर. आधी टेल लॅम्पच्या कडा, मग नंबर प्लेटचे दिवे, मग हॅचची खालची कड, दोन्ही बाजू, काच आणि चौकट यांचा जोड, मागचा वायपर असेल तर त्याचा दांडा, वरच्या बिजागऱ्या आणि सगळ्यात शेवटी सनरूफ. प्रत्येक जागेला चार-पाच मिनिटं तरी द्या. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जागांवरून वाहत खाली येतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आतला माणूस ‘आलं’ म्हणाला की थांबा, पुसा, त्याच जागी पुन्हा पाणी सोडून खात्री करा. एक भोक सापडलं म्हणून परीक्षा अर्धवट सोडू नका. या वयाच्या गाडीत दोन-तीन वाटा असणं नवल नाही.

नळीखाली गाडी कोरडी राहते, पण मोटरवेवरून आल्यावर खड्डा ओला असतो, असंही होतं. अशा वेळी दोन संशय घ्या. एक म्हणजे खालून उडणारं पाणी: निसटलेलं बूच, तडकलेला सीम सीलर (पत्र्याच्या सांध्यांवरचा लेप). दुसरा हवेच्या दाबाचा. वेगात गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, ओला फवारा तिथेच घोटाळत राहतो आणि ढिल्या बीडिंगमधून आत ओढला जातो. त्याच वाटेनं सायलेन्सरचा धूरही येतो. मागून पेट्रोलचा किंवा धुराचा वास येत असेल तर हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

उतारावर गाडी लावत असाल तर तेही तपासात धरा. नाक वर असताना कोरडी राहणारी गाडी नाक खाली केल्यावर गळू शकते, कारण पन्हळीतलं पाणी मग उलट्या बाजूला साचतं.

दुरुस्ती: सोप्यापासून अवघडाकडे

पहिला स्क्रू फिरवायचा तो हॅचच्या पिनांचा. ९४४च्या हॅचच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक अशा दोन पिना आहेत, त्या खालच्या खटक्यांत बसतात. पिनेची लांबी आट्यांवर कमी-जास्त होते. लॉकनट सैल करून पीन थोडी आत घेतली की हॅच खाली ओढली जाते आणि बीडिंगवर दाब वाढतो. एका वेळी अर्धा आटा, मग पुन्हा कागदाची परीक्षा. दोन्ही बाजू सारख्या ठेवा. फार आत घेतली तर हॅच लावायला आपटावी लागेल, आणि ही हॅच आपटण्यासारखी नाही. का ते पुढे येतं आहे.

बीडिंग मऊ असेल पण मळलेलं असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा आणि रबराला लावायचं ग्लिसरीनयुक्त औषध चोळा. चपटं झालेलं किंवा कोपऱ्यात चिरलेलं बीडिंग मात्र बदलाच. जुनं काढल्यावर ज्या पत्र्याच्या कडेवर ते बसतं ती कड नीट बघा. तिथे गंज असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग नवं रबर. बसवताना ते ताणू नका, ही चूक सर्रास होते. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं आणि जोडापाशी फट पडते. उलट किंचित सैल ठेवत, कोपऱ्यांत जरा जास्त रबर सोडत, रबरी हातोडीनं हलके ठोकत जा. नवं बीडिंग जाड असतं, त्यामुळे पहिले काही दिवस हॅच घट्ट लागते. त्यासाठी पिना लगेच बाहेर घेत बसू नका.

टेल लॅम्पचे गॅस्केट स्वस्तात मिळतात आणि दिवे काढणं सोपं असतं, म्हणून ते बदलून टाका. वायपरच्या दांड्याचं रबर, बिजागऱ्यांखालच्या पट्ट्या यांनाही तोच न्याय. सनरूफ दोषी निघालं तर त्याच्या नळ्या पन्हळीसारख्याच साफ करायच्या.

आता काच. या गाड्यांचं खरं दुखणं हेच. काच धातूच्या चौकटीवर चिकटवलेली आहे. हॅच वर उचलून धरणारे दोन गॅस शॉकर चौकटीला ढकलत राहतात, काचेचं सगळं वजन उलट दिशेला खेचतं, आणि वर्षानुवर्षांच्या त्या ओढाताणीत चिकट थर सुटतो. हॅच बंद असताना वरच्या कोपऱ्यांत काच आणि चौकट यांच्यामध्ये फट दिसते का बघा. हॅच उघडताना कडकड किंवा चर्र असा आवाज येणं ही दुसरी खूण. ऐकीव सल्ल्यानं जास्त ताकदीचे शॉकर बसवले की चौकट आणखी लवकर सुटते, म्हणून तुमच्या गाडीसाठी नेमलेल्या ताकदीचेच घ्या. वायपर किंवा स्पॉयलर असलेल्या आणि नसलेल्या हॅचचं वजन वेगळं, तेही विक्रेत्याला सांगा. हॅच लावताना एका कोपऱ्यावर जोर न देता दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना सारखं दाबा.

फट लहान असेल तर बाहेरून पट्टी मारून पावसाळी आठवडा काढता येतो, पण ती दुरुस्ती नव्हे. पक्का इलाज म्हणजे काच पूर्ण सोडवून, जुना थर खरवडून, प्रायमर लावून विंडस्क्रीनसाठीच्या पॉलियुरेथेननं पुन्हा चिकटवणं आणि चौकट गाडीवरच नीट बसलेल्या स्थितीत सुकू देणं. माझं स्पष्ट मत: हे नवख्याचं काम नाही. काच जड आहे, शॉकर काढल्यावर ती धरायला दोन माणसं लागतात, आणि चौकट जराशी पिळलेल्या स्थितीत सुकली तर नवं बीडिंगही कधी नीट बसणार नाही. याच गाड्यांवर काम करणारा जुना कारागीर गाठा.

बाथरूमला लावतात ते सिलिकॉन इथे नको म्हणजे नकोच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला गंज चढवतं, आणि त्याचा तेलकट थर एकदा बसला की त्यावर ना रंग धरतो ना खरा सीलंट. अशी फासलेली हॅच दुरुस्तीला नेली की कारागीर आधी तेच खरवडण्याचे पैसे लावतो, आणि योग्यच करतो.

गंज आणि वास

गाडी कोरडी झाली की खड्ड्यातला सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढा, गंज थांबवणारं रसायन, प्रायमर, रंग असा क्रम ठेवा आणि शेवटी पोकळ जागांत मेणाचा स्प्रे मारा. मेण आधी नाही. ओल्या पत्र्यावर मेण म्हणजे ओल आत कोंडणं. पाणी जायची भोकं मेणानं बुजली नाहीत ना, तेही बघा. गंज पत्र्याच्या आरपार गेला असेल किंवा सस्पेन्शन, सीटबेल्ट यांच्या जोडांजवळ पोचला असेल तर वेल्डिंगवाल्याला दाखवा. ब्रिटनच्या एमओटीत (गाडीच्या वार्षिक तपासणीत) अशा जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज गंभीरपणे बघतात. चाळिशी उलटलेल्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट मिळू शकते, पण सूट कागदाला आहे, पत्र्याला नाही.

कुबट वासासाठी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून कापडी भाग पुसा आणि उन्हात, नाही तर हवेशीर जागी वाळवा. ब्लीच वापरू नका, ते पत्र्याला खातं; आणि व्हिनेगरबरोबर तर कधीच नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गाडी अजून घ्यायची असेल तर

बघायला जाताना टॉर्च आणि कागदाची पट्टी खिशात ठेवा. पावसानंतरचा दिवस निवडा. मालकाला ‘मागचा गालिचा उचलू का?’ असं सरळ विचारा. जॅकच्या हँडलवरचा गंज आणि गालिच्याच्या उलट्या बाजूवरचे पाण्याचे वळ पुसून काढणं कोणाला सुचत नाही. हॅच स्वतः उघडा, कान देऊन. बीडिंग नवं आणि काच सुटलेली, अशी गाडी असेल तर किंमत काच पुन्हा चिकटवण्याचा खर्च धरून ठरवा. आणि खड्ड्यात ताजा काळा रंग चमकत असेल, तर तो कधी आणि कशासाठी दिला हे विचारून मगच पुढची बोलणी करा.